एका घसरगाडीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आम्हां देवळाच्या लोकांस नवा नाही. सभामंडपाचे वासे कुजले की ते बदलावयाचे. गर्भागारास हात लावताना मात्र दहा वेळा विचार करावयाचा, ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलो. असाच विचार अमेरिकेत करमणुकीच्या एका साधनासाठी करावा लागला, हे वाचकांस विचित्र वाटेल. आम्हांसही प्रथम वाटले.

पेन्सिल्व्हेनिया राज्यात अल्टूना हे रेल्वेच्या कारखान्यांमुळे नावारूपास आलेले गाव आहे. तेथील लेकमाँट पार्क या उद्यानात १९०२ साली फिलाडेल्फियाच्या ई. जॉय मॉरिस कंपनीने 'लीप-द-डिप्स' नावाचा रोलर कोस्टर उभारला. लाकडी सांगाड्यावर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वळणारी वाट. साखळीने डबा ४१ फूट उंचीवर ओढून न्यावयाचा, मग त्याने आपल्याच भाराने चढउतार करीत खाली यावयाचे. सरासरी वेग ताशी सुमारे १० मैल. आपल्याकडील सायकलस्वारही सहज बरोबरीने जाईल!

खरे वैशिष्ट्य चाकांत आहे. हा डबा वाटेला खालून जखडलेला नाही. तो केवळ वजनाने टेकतो, आणि बाजूची चाके कडेच्या फळ्यांना घासत त्यास वळणावर सांभाळतात. १९१९ साली जॉन मिलर यांनी रुळाखालून धरणाऱ्या चाकांचे पेटंट मिळविले. तेव्हापासून उतार हवे तसे उभे करता येऊ लागले आणि जुन्या मंद गाड्या लोकांस मिळमिळीत वाटू लागल्या. बहुतेक पाडल्या गेल्या. अमेरिकेत या जातीची ही एकच उरली.

१९८५ साली तीही मोडकळीस येऊन बंद पडली. पुढे तिच्या रक्षणासाठी मंडळ स्थापन झाले, देणग्या जमल्या, आणि १९९६ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला.

कुजलेले लाकूड बदलण्यास कोणाची हरकत असणार? प्रश्न चाकांचा होता. मिलर यांची युक्ती येथे वापरली असती, तर वेग वाढविता आला असता. पण जे राखावयाचे तेच हातचे गेले असते. नव्या तुळईने वास्तू परकी होत नाही, चालण्याची रीत बदलली की होते, असे आम्हांस वाटते. दुरुस्ती करणाऱ्यांनीही ती रीत सोडली नाही. १९९९ साली डबे पुन्हा वर चढले, तेव्हा ते १९०२ सालाप्रमाणेच खालून मोकळे होते.