न्हावा-शेवा, २७ जून २०१७: चुकलेल्या एका आकड्याने बंदर कसं थांबवलं

वाशिष्ठीच्या मुखावरच्या दाभोळने बंदराचा विध्वंस सोसलेला आहे. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडाने हे भरभराटीचं बंदर लुटून जाळलं. त्याची गलबतं निदान खाडीत शिरताना दिसली होती. २०१७ च्या जूनमध्ये याच कोकण किनाऱ्यावर, उत्तरेला न्हावा-शेव्याला, देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदराचं एक टर्मिनल बंद पडलं, तेव्हा समुद्रावर काहीच नव्हतं. हल्ला विंडोजच्या कर्नेलमधून, म्हणजे तिच्या गाभ्यातून, आला आणि त्याला वाट दिली ती लांबी मोजण्यातल्या एका चुकीने. पुढच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

१०५ दिवस आधी: १४ मार्च

मायक्रोसॉफ्टने एमएस१७-०१० या क्रमांकाने दुरुस्ती प्रसिद्ध केली. एका जाळ्यातल्या संगणकांना फायली आणि प्रिंटर वाटून देणारी एसएमबी नावाची जुनी व्यवस्था विंडोजमध्ये आहे. तिचा कोड थेट कर्नेलमध्ये चालतो, म्हणजे तिथे चूक झाली की तिच्यावर पहारा ठेवणारं वर कुणी नाही.

चूक अशी होती. बाहेरून आलेल्या संदेशात फाइलच्या जादा गुणधर्मांची यादी असते आणि यादीची लांबी सांगणारा ३२ बिटांचा आकडा असतो. यादीतला वैध भाग किती ते मोजून कोड हा आकडा दुरुस्त करतो. पण दुरुस्ती लिहिताना तो खालचे १६ बिटच बदलतो, वरचे १६ जुनेच राहतात. पाठवणाऱ्याने ६५,५३६ सांगितले आणि वैध भाग ६५,३७३ निघाला, तर आकडा ६५,३७३ व्हायला हवा. होतो १,३०,९०९. यादी आखडायला घेतली आणि ती दुप्पट झाली. जागा राखलेली असते लहान यादीपुरती, नक्कल चालते मोठ्या आकड्याप्रमाणे, आणि उतू गेलेले बाइट शेजारच्या मेमरीवर जाऊन पडतात.

असा दोष शोधणं का कठीण, ते कोकणातल्या शेतकऱ्याला पटकन कळेल. लावणीच्या दिवसांत वरच्या कुणग्याचा बांध फुटतो आणि नासाडी दिसते खालच्या कुणग्यात. इथे चुकीचं लिहितो एसआरव्ही नावाचा ड्रायव्हर आणि मोडते त्याच्या शेजारच्या एसआरव्हीनेटची जागा. निळा पडदा आला की तपासणारा कोसळलेल्या शेजाऱ्याचीच झडती घेत बसतो. मुरलेले लोक तिथून उलटे चालत जातात: ही जागा कुणी राखली, किती राखली, तिच्यावर शेवटचं कुणी लिहिलं? चाचणीत तर राखलेल्या जागेला लागून मुद्दाम एक निषिद्ध पान ठेवतात. एक बाइट जरी पलीकडे गेला तरी यंत्र तिथल्या तिथे थांबतं आणि गुन्हेगार रंगेहाथ सापडतो.

हा दोष अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला आधीच सापडला होता. तिने त्याचं हत्यार केलं आणि ते ‘इटर्नलब्लू’ या नावाने ओळखलं गेलं. वॉशिंग्टन पोस्टच्या वृत्तानुसार ते पाच वर्षांहून अधिक काळ वापरात होतं. इतकी वर्षं दोष माहीत असून तो विंडोज बनवणाऱ्यांना न सांगणं, हा माझ्या मते या घटनाक्रमातला सर्वांत मोठा अपराध आहे.

७४ दिवस आधी: १४ एप्रिल

‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने ते चोरलेलं हत्यार जगासमोर उघडं टाकलं.

४६ दिवस आधी: १२ मे

‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम याच हत्याराच्या जोरावर सुमारे १५० देशांत पसरला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. यानंतर ‘माहीत नव्हतं’ म्हणायला कुणालाच जागा उरली नाही.

५ दिवस आधी: २२ जून

युक्रेनमधल्या असंख्य कंपन्या कराच्या कामासाठी एम.ई.डॉक हे सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या अधिकृत अपडेटमध्ये चोरवाट दडवलेली होती. एप्रिल आणि मे महिन्यांतही ती घातली गेली होती. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसा कार्यालयात हे सॉफ्टवेअर एका संगणकावर बसवलेलं होतं. तेवढं पुरेसं ठरलं.

२७ जून, दुपारी २.२९

आदल्या दिवशी रमजान ईदची सुट्टी झालेली. न्हावा-शेव्यात मंगळवारचं काम सुरू होतं. त्याच वेळी चोरलेल्या पासवर्डने कुणीतरी एम.ई.डॉकच्या सर्व्हरवर शिरलं आणि त्याची मांडणी बदलू लागलं.

दुपारी २.४४

अपडेट मागणारे संगणक आता हल्लेखोरांच्या यंत्राकडे वळू लागले. ही वळवणूक संध्याकाळी ६ वाजून गेल्यावर थांबली.

दुपारी ४ च्या सुमारास

युक्रेनमध्ये पडदे काळे पडू लागले. अपडेटमधून आलेला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम दोन वाटांनी धावत होता. दुरुस्ती न घेतलेली यंत्रं तो इटर्नलब्लूने फोडी. दुरुस्ती घेतलेल्या यंत्रांसाठी त्याच्याकडे दुसरी युक्ती होती: फोडलेल्या संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचे आणि ते वापरून राजरोस पुढच्या यंत्रात शिरायचं. म्हणून एका टेबलावरचा आळस अख्ख्या कंपनीला भोवला. साधारण तासाभरात यंत्र स्वतःच बंद होऊन सुरू होई, डिस्क तपासत असल्याचा खोटा संदेश दाखवी आणि त्या आडून सगळं कुलूपबंद करी. मग ३०० डॉलरच्या बिटकॉइनची मागणी. पैसे भरूनही किल्ली मिळणं शक्य नव्हतं. खंडणीच्या वेषातला तो निव्वळ विध्वंस होता.

संध्याकाळ ते रात्र

मर्स्कचं जाळं जगभर कोसळलं. तिच्याच समूहातल्या एपीएम टर्मिनल्सची जवळपास १७ टर्मिनल या तडाख्यात सापडली, त्यांत न्हावा-शेव्याचं गेटवे टर्मिनल्स इंडिया होतं. क्रेन शाबूत, डिझेल भरपूर, माणसं हजर. पण कुठला डबा कुठल्या थप्पीत आहे, कस्टम्सने कुठला सोडला, कुठला कुठल्या जहाजावर चढायचा, हे सांगणारी यंत्रणा नाही. तिच्याविना यार्ड म्हणजे एकसारख्या लोखंडी पेट्यांचा ढीग.

२८ जून, मध्यरात्रीनंतर १.१६

हल्लेखोरांनी स्वतःचा सर्व्हर पुसून टाकला.

२८ जून, दिवसभर

टर्मिनलचं काम ठप्प झाल्याचं केंद्रीय जहाज मंत्रालयाने जाहीर केलं. कामकाज हाताने चालवण्याची खटपट सुरू झाली. मालाची गर्दी होणार, हे बंदराला दिसत होतं.

पुढचे दहा दिवस

मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. वापरकर्ते आणि परवानग्या सांभाळणारे तिचे मुख्य सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे ते सगळे एकदमच गेले. उरला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. जगातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याची कंटेनर वाहतूक करणारी कंपनी एका भारनियमनासारख्या योगायोगाने सावरली, हे वाचून मला आजही अस्वस्थ वाटतं. तिचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये या हल्ल्यासाठी अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले.

दाभोळ-दापोलीपासून उरणपर्यंत पतसंस्था, शाळा आणि क्लिअरिंग एजंटांच्या टेबलांवर जुने संगणक आजही चालतात. तुमच्याकडे असा एखादा असेल तर राहिलेलं अपडेट आजच घ्या, एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करा, ४४५ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवू नका, सगळ्या यंत्रांवर एकच ॲडमिन पासवर्ड वापरू नका, आणि कामाच्या नोंदींची एक प्रत कुठल्याही जाळ्याला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा.