नळीमागच्या काळ्या रेघा

तेलंगणातल्या बाजारहत्नूरच्या आसपासच्या गोंड, कोलाम वस्त्यांत सिकलसेल हे रक्ताच्या आजाराचं नाव नवं नाही. त्याच्या तपासणीत बोटाला सुई टोचतात, थेंबभर रक्त छोट्या नळीतल्या द्रावणात सोडतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. काही मिनिटांनी रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. गढूळपणात बुडाल्या तर पुढची तपासणी.

या नळीचं मूळ शोधत गेलं की आपण शिकागोला पोचतो. 1910 साली जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. 1917 मध्ये व्हिक्टर एमेल यांनी रक्ताचा थेंब काचेखाली हवाबंद ठेवला, तर रुग्णाच्याच नव्हे, आजार नसलेल्या वडिलांच्या पेशीही वाकल्या. असं का, हे 1927 मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवलं. कार्बन डायऑक्साइड सोडून ऑक्सिजन हटवला की पेशी वाकत, ऑक्सिजन परत दिला की गोल होत. सगळ्या वंशावळीतला मला सर्वांत सुंदर वाटणारा प्रयोग हाच.

कारण शरीरातही हेच घडतं. फुप्फुसात हिमोग्लोबिनचा एक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू उचलतो. स्नायूंमध्ये कार्बन डायऑक्साइड रक्तात शिरतो, आम्लता वाढते आणि ही पकड सैल होते; ख्रिश्चन बोर यांनी कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम 1904 मध्येच मांडला होता. सिकलचं हिमोग्लोबिन मात्र ऑक्सिजन उतरवला की एकमेकांना चिकटून ताठ दोर वळतं. पेशी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं ठणकू लागतात.

1948 मध्ये तपासणीसाठी वायूऐवजी ऑक्सिजन शोषणारं रसायन आलं. पुढे सिकलचं ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन नीट विरघळत नाही, हे इटानो यांनी 1953 मध्ये दाखवलं. आजच्या नळीतला गढूळपणा तोच.

भारतात 1952 मध्ये निलगिरीत सिकल सापडला आणि 1958 मध्ये नागपूरहून मध्य भारतातली नोंद आली. राष्ट्रीय मोहीम सुरू व्हायला मात्र 1 जुलै 2023 उजाडला.

नळी गढूळ झाली म्हणून घाबरू नका. वाहक, म्हणजे आजार नसूनही सिकलचं जनुक बाळगणारा, आणि रुग्ण यांतला फरक तिला कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते. वाहक बहुधा धडधाकटच असतो. पण आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक. सोयरीक जुळवण्याआधी मुलगा-मुलगी दोघांचे अहवाल बघा.