यहेज्केल आणि हसाजी : एका विरळ नामाचा मराठी संसार

म्हसावद येथील एका ख्रिस्ती विद्यार्थ्याने, घरातील नवजात बालकाकरिता ‘यहेज्केल’ हे नाव योजिले असल्याचे सांगून, मजकडे त्याच्या अर्थाची पृच्छा केली. योहान, पौल, शमुवेल ही नावे आमच्या वर्गपटांत अपरिचित नाहीत. हे मात्र मी प्रथमच ऐकत होतो.

अर्थाविषयी अडचण नाही. ‘बळकट होणे’ या अर्थाचा हिब्रू धातू आणि ‘एल’ म्हणजे देव यांपासून हे नाम सिद्ध झाले असून ‘देव बळ देतो’ असा त्याचा आशय आहे. बायबलातही ते विरळच. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलास नेला गेलेला संदेष्टा आणि याजकवर्गाचा एक प्रमुख, एवढ्या दोघांनीच ते धारण केले आहे. संदेष्ट्याच्या स्वतःच्या ग्रंथातदेखील ते अवघे दोनदा येते. देव त्याला ‘मानवपुत्र’ म्हणूनच हाक मारतो, आणि तीही ९३ वेळा.

असे नाव मराठीत बायबलाच्या भाषांतराबरोबर आले असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो टिकत नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे मराठी ‘नवा करार’ छापला गेला तो १८११ मध्ये. त्यापूर्वीच, १७९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात सामाजी हसाजी दिवेकर या बेने इस्राएल सैनिकी अधिकाऱ्याने ‘शाआर हारहमीम’ हे सिनेगॉग उभारले होते. (लोक त्यास ‘जुनी मशीद’ म्हणत, मस्जिद या रेल्वेस्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात.) सामाजी म्हणजे शमुवेल, आणि हसाजी म्हणजे आपला यहेज्केल. ज्याअर्थी हे पित्याचे नाव, त्याअर्थी कोकणातील ‘शनवार तेल्यां’च्या घरी ते अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वीच रूढ होते. बगदादी यहुद्यांत हे नाव लोकप्रिय होते हे खरे. यहेज्केलाची मानली जाणारी कबर इराकमध्येच, अल्‌-किफ्ल येथे आहे. परंतु डेव्हिड ससून मुंबईस आला १८३२ मध्ये, म्हणजे तो मार्गही बंद होतो.

ध्वनिदृष्ट्या हे रूपांतर मोठे मनोवेधक आहे. आरंभीचा दुर्बल ‘य’ गळाला. पुढील कठोर ‘क’च्या सान्निध्याने ‘झ’चा घोष लोपून ‘स’ झाला असावा. बगदादी उच्चारातील ‘हेस्केल’ हे रूप या तर्कास पुष्टी देते. त्यानंतर ‘केल’ हा अंत्य भाग गेला आणि तेथे ‘जी’ आला. शमुवेलचा सामाजी झाला तोही असाच. दोन्ही ठिकाणी लोपला तो नेमका देववाचक ‘एल’; त्याच्या जागी शेजाऱ्यांच्या बाजी-रामाजींतील आदरार्थी प्रत्यय बसला. व्युत्पत्तीचा अर्थ गेला, पण नाव आपल्या माणसांत राहिले. हसाजी हे नाव हंबीरराव मोहित्यांच्या ‘हंसाजी’च्या पंक्तीत सहज बसते. नावाचा अर्थ केवळ धातूत शोधणाऱ्या आमच्या नामकोशांच्या ध्यानी ही गोष्ट येत नाही.

एकोणिसाव्या शतकात हिब्रू व इंग्रजी शिक्षणाने हे चक्र उलटे फिरविले. यहुदी प्रार्थनाग्रंथांचे मराठी भाषांतरकार आणि १८७१ पासून मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक जोसेफ एझीकेल राजपूरकर यांच्या नावात मूळ रूप परतले आहे. पुढे काही कुटुंबांत हे पितृनाम आडनावाच्या जागी स्थिरावले, आणि म्हणून इंग्रजी काव्याच्या वाचकाला ते निस्सीम एझीकेल (१९२४–२००४) यांचे आडनाव म्हणूनच ठाऊक असते.