काळूच्या खळाळात उतरण्यापूर्वी

महाराष्ट्रात खळाळत्या पाण्यातील नौकानयन म्हटले की प्रथम कोलाडची कुंडलिका आठवते. मुळशी जलाशयाचे पाणी भिरा येथील जलविद्युत केंद्रातून खाली येते आणि वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेत सोडले जाते. १९२७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या वेळापत्रकावरच तेथील राफ्टिंगची वेळ ठरते. मुरबाड तालुक्यातील काळू नदीला असे वेळापत्रक नाही. माळशेज घाटाच्या परिसरात उगम पावून कल्याणजवळ उल्हासला मिळणाऱ्या या नदीचे घाटाखालचे पाणी पावसाच्या लहरीवर चालते. त्यामुळे कयाकमधून अशा नदीत उतरू पाहणाऱ्या अनुभवी नाविकाचे निम्मे काम पाण्याबाहेर, आणि तेही पावसाळ्यापूर्वीच, पार पडावे लागते.

कोरडे पात्र वाचणे

सह्याद्रीचा पश्चिम उतार बेसाल्टच्या थरांचा आहे. नदी या थरांवरून पायऱ्या उतरल्यासारखी खाली येते. पात्रात रांजणखळगे, अरुंद घळी आणि खालून पोखरलेले कातळ तयार होतात. पुराच्या पाण्याखाली दडणारे हे सारे एप्रिल-मे महिन्यांत उघडे पडते. नियोजित टप्पा त्या वेळी पायी चालून पाहावा. कोणत्या उडीखाली पुरेशी खोली आहे, कोठे पाणी दगडांच्या फटीतून जाते, होडी खांद्यावर घेऊन कोठून वळसा घालता येईल आणि कोणती पाऊलवाट वस्तीकडे जाते, याची नोंद नकाशावर करावी. नदीवर नित्य मासेमारी करणाऱ्या ठाकूर, कातकरी व महादेव कोळी मंडळींना पुराच्या खुणा ठाऊक असतात. त्यांच्याशी बोलल्याशिवाय ही पाहणी पुरी होत नाही.

या पाहणीत बंधाऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्यात काढलेले असले, तरी खांब जागेवरच राहतात. त्यांच्यामधील गाळ्यांत ओंडके व फांद्या अडकतात. पाणी त्यातून निघून जाते, माणूस मात्र चाळणीवर अडकावा तसा अडकतो. पूर बंधाऱ्यावरून वाहू लागला तर खालच्या बाजूला पाणी मागे फिरत राहते आणि त्यात सापडलेली वस्तू सहजी सुटत नाही. वरून येणाऱ्या नाविकाला मात्र केवळ सपाट, शांत रेषा दिसते. प्रत्येक बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी काठाला लागण्याची जागा निश्चित हवी.

पाण्याची श्रेणी

खळाळांची काठिण्यश्रेणी जगभर एक ते सहा अशी मोजली जाते. चौथ्या श्रेणीत होडीवर अचूक ताबा लागतो, तर पाचवी केवळ निष्णातांसाठी असते. पण श्रेणी ही विशिष्ट पातळीच्या पाण्यालाच लागू पडते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणजे सकाळी तिसऱ्या श्रेणीत वाटणारा उतार दुपारी निराळाच असू शकतो.

हवामान खात्याच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, २०४.४ मिलिमीटरपर्यंत अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. येथे मुरबाड शहरापेक्षा घाटमाथ्याच्या पावसाचा अंदाज महत्त्वाचा ठरतो. मुरबाडला ऊन असताना माळशेजवर ढगांनी ठाण मांडलेले असू शकते, आणि तीव्र उतारामुळे ते पाणी थोड्याच अवधीत खाली पोहोचते. शिवाय जूनमधील कोरडी जमीन जितके पाणी शोषते, तितके ऑगस्टमधील भिजलेली जमीन शोषत नाही. तेवढ्याच पावसाला मोठा पूर येतो. म्हणून पुलाच्या खांबावरील एखादी खूण ठरवून अनेक दिवस पातळी नोंदवावी. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेसला वांगणीजवळ वेढा घातला, तेव्हा हजारांहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले होते. उल्हासच्या खोऱ्यातील पाण्याचा हा स्वभाव विसरता येत नाही. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा धरणाखाली उतरायचे असेल, तर दरवाजे उघडण्याचे इशारे हाही नियोजनाचा भाग होतो.

चमू आणि साहित्य

एकट्याने अशा नदीत उतरू नये. किमान तीन होड्या असाव्यात, म्हणजे एक अडकल्यास दोघे मदतीला उरतात. उलटलेली होडी आतूनच सुलटी करण्याचा ‘रोल’ प्रत्येकाला वाहत्या पाण्यात जमला पाहिजे. शिरस्त्राण, जीवरक्षक जाकीट, शिटी, चाकू, फेकदोर, कप्पी व कॅराबिनर, राखीव वल्हे आणि प्रथमोपचार पेटी एवढे साहित्य हवेच. होडी सुटलीच तर वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. दगडात पाय अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. पाठीवर पडून, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून काठ गाठावा. काठावर वाहनासह एक जबाबदार व्यक्ती असावी. घळीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून परतीची वेळ आधीच ठरवावी. ती उलटताच या व्यक्तीने १०८ व ११२ या क्रमांकांवर मदत मागवावी.

परवानगी आणि माघार

पावसाळ्यात मुरबाडमधील धबधबे व जलाशयांच्या परिसरात जिल्हा प्रशासनाकडून अनेकदा मनाई आदेश निघतात. ते तपासणे आवश्यक आहे. पैसे घेऊन इतरांना नेणाऱ्या संस्थांना राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते.

माघारीच्या अटी आदल्या रात्री लिहून ठेवाव्यात. घाटमाथ्यावर जोरदार पावसाचा इशारा असेल, पुलावरील ठरलेली खूण बुडाली असेल, पाणी गढूळ होऊन त्यात पाने व फांद्या वाहून येऊ लागल्या असतील किंवा चमूतील एकालाही शंका असेल, तर होडी पाण्यात टाकू नये. काठावर पोहोचल्यानंतर उत्साह आणि प्रवासाचा खर्च निर्णयाला पाडाव करतात. आधी लिहिलेल्या अटींवर मात्र त्यांचा प्रभाव पडत नाही. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरू लागतो, पातळी काहीशी स्थिरावते आणि पात्राचे तेच वळण पुन्हा पाहता येते. तोवर सरावासाठी कुंडलिकेचे नियंत्रित पाणी उपलब्ध आहेच.