ऑनलाइन खेळांसाठी घरगुती इंटरनेट जोडणी

दूर अंतरावरील खेळाडूंशी एकाच वेळी, एकाच आभासी मैदानावर खेळावयाच्या संगणकीय व मोबाइलवरील खेळांकरिता घरी घेतली जाणारी इंटरनेट जोडणी. ही जोडणी निवडताना ग्राहकापुढे जे दरपत्रक ठेवले जाते त्यावर ५०, १००, ३०० एमबीपीएस असे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात आणि त्यांनाच ‘स्पीड’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः तो आकडा एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येईल याचे माप होय, ती किती लवकर पोचेल याचे नव्हे. खेळणाऱ्याचे सारे हिताहित या दुसऱ्या गोष्टीशी निगडित असून तिचा उल्लेख दरपत्रकात बहुधा नसतो.

खेळ चालू असताना घरातील यंत्र आणि दूरचा सर्व्हर यांच्यात ये-जा होते ती, खेळाडू कोठे उभा आहे, कोणत्या दिशेस वळला, गोळी केव्हा झाडली, असल्या त्रोटक नोंदींची. मैदान, इमारती, पोशाख व आवाज ही सामग्री आधीच यंत्रात उतरवून ठेवलेली असल्यामुळे बहुतेक खेळांत या नोंदींना एक एमबीपीएसपेक्षाही कमी क्षमता पुरते. मोठ्या क्षमतेचा लाभ होतो तो खेळ उतरवून घेण्याच्या दिवशी: १०० जीबीचा खेळ ४० एमबीपीएसच्या जोडणीवर उतरण्यास साडेपाच तास लागतात, तर २०० एमबीपीएसवर सव्वा तासाच्या आत काम आटोपते. हा खोळंबा ज्यांना रात्री झोपेच्या वेळात उरकता येतो त्यांनी तेवढ्यासाठी दरमहा जादा पैसे मोजण्याचे प्रयोजन दिसत नाही. ज्या खेळांचे चित्रच दूरच्या यंत्रात तयार होऊन व्हिडिओरूपाने घरी येते, त्यांना हा हिशेब लागू नाही.

निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास जो वेळ लागतो त्यास ‘पिंग’ म्हणतात व तो मिलिसेकंदांत मोजतात. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा अवधी मोजणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुडीचा ठाव घेणाऱ्या सोनारच्या ध्वनीवरून त्याला हे नाव दिले. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर असल्याने जाऊन येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच, आणि तारा सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक लागतात. दरमहा कितीही रक्कम भरली तरी हा किमान अवधी घटत नाही, कारण येथे गाठ सृष्टिनियमाशी आहे, कंपनीशी नव्हे. त्यामुळे जोडणी घेण्यापूर्वी आपल्या खेळाचे सर्व्हर कोणत्या मुलखात आहेत हे पाहणे हे पहिले कर्तव्य. या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान म्हटला पाहिजे. समुद्राखालील कित्येक केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात; मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये व गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली माहितीकेंद्रे सुरू केली, आणि ‘व्हॅलोरंट’सारख्या खेळांचे सर्व्हरही मुंबईत आहेत. अंतराचाच विचार केला तर नागपूरकरासही मुंबई काही मिलिसेकंदांवरच आहे.

परंतु अंतर थोडे असले म्हणजे वाटही थोडी असते असे नाही. एका कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात शिरण्याचा नाका जवळ नसेल, तर कोल्हापुरातून मुंबईस निघालेला निरोप चेन्नईचा, प्रसंगी परदेशाचाही वळसा घेऊन येऊ शकतो. देशातील वाहतूक देशातच राहावी या हेतूने २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली ती याच कारणास्तव. संगणकावर ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा दिली असता निरोपाचे मुक्काम एकाखाली एक उमटतात, आणि एकाच गल्लीतील दोन कंपन्यांच्या जोडण्यांत पिंगचा दुपटीचा फरक का पडतो याचा बराचसा खुलासा तेथे होतो.

पिंग स्थिर असणे हे तो कमी असण्याहूनही महत्त्वाचे आहे. ६० वर अढळ राहणारा पिंग अंगवळणी पडतो. २० वरून १५० वर उसळणारा पडत नाही. या उसळीस ‘जिटर’ व वाटेत निरोप गहाळ होण्यास ‘पॅकेट लॉस’ म्हणतात. ईमेल अथवा वेबपान हे पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने येते, गहाळ झालेला तुकडा पुन्हा मागवला जातो, आणि वाचणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. वेगवान खेळांच्या नोंदी बहुधा साध्या पोस्टकार्डाप्रमाणे जातात: हरवले ते हरवले, कारण अर्ध्या सेकंदापूर्वी शत्रू कोठे होता हे आता कळून उपयोग नसतो. ही उणीव झाकण्यासाठी पुढची हालचाल घरच्या यंत्रानेच आधी गृहीत धरावी ही युक्ती १९९६ च्या ‘क्वेकवर्ल्ड’पासून रूढ झाली, अंदाज चुकला की भिंतीआड पोचलेला खेळाडू पुन्हा दारात उभा दिसतो, आणि ‘लॅग होतंय’ अशी आरोळी शेजारच्या घरापर्यंत ऐकू येते.

जोडणीच्या प्रकारांत आज फायबर सर्वांत श्रेयस्कर. तीतही सुमारे अडीच जीबीपीएसचा एकच तंतू ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असू शकतो, तरी पिंगच्या दृष्टीने तिची बरोबरी अन्य प्रकार करीत नाहीत. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरील डीएसएल आता मागे पडत चालली आहे; पावसाळ्यात जोडांत पाणी मुरून होणारी तिची खरखर जुन्या ग्राहकांच्या स्मरणात असेल. ५जी लहरींवरील घरगुती जोडणी जेथे फायबर नाही तेथे उत्तम सोय. मात्र टॉवरवरील गर्दीनुसार तिचा जिटर बदलतो. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहाची जोडणी वेगवान खेळास निरुपयोगी: निरोप वर-खाली आणि उत्तर वर-खाली एवढ्यातच सुमारे अर्धा सेकंद खर्ची पडतो.

कंपनीच्या माथी मारले जाणारे कित्येक दोष घरातच उपजलेले असतात. दोन खोल्यांच्या सदनिकेत राउटर दिवाणखान्यात टीव्हीच्या वर ठोकलेला, खेळणारा मुलगा शेवटच्या खोलीत, मध्ये दोन भिंती व एक लोखंडी कपाट. रात्री नऊ वाजता वडील लग्नाहून परततात, त्यांचा मोबाइल वायफायला लागतो आणि तीनशे फोटो आपण होऊन अपलोड होऊ लागतात. इतका वेळ १८ वर असलेला पिंग त्या क्षणी ३०० च्या पार जातो. याचे कारण असे की अपलोडची क्षमता भरली की राउटर जादा पॅकेट रांगेत उभी करतो, आणि खेळाची इवलीशी नोंद त्या फोटोंच्या मागे तिष्ठत राहते. या व्याधीस ‘बफरब्लोट’ म्हणतात. २०१२ च्या सुमारास व्हॅन जेकबसन व कॅथलीन निकोल्स यांनी मांडलेल्या रांगव्यवस्थापनाच्या पद्धतीवर आधारलेले राउटर आता मिळतात व त्यांत लहान नोंदींना वाट मोकळी राहते. स्वस्त उपाय म्हणजे पंधरा मीटरची लॅन वायर: ती दाराच्या चौकटीवरून नेली असता घरची मंडळी कुरकुरतात, पण वायफायचा जिटर जातो. ते शक्य नसेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा घ्यावा; २.४ चा पट्टा सोसायटीतील प्रत्येक राउटरने आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हनेही व्यापलेला असतो.

करारातील दोन कलमे वाचण्याजोगी. पहिले वापरमर्यादेचे: ‘अनलिमिटेड’ म्हणविणाऱ्या योजनेतही ठरावीक जीबीनंतर क्षमता घटविली जाते. दुसरे आयपी पत्त्याचे: जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच असल्याने अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, आणि मग कन्सोलवर ‘एनएटी टाइप स्ट्रिक्ट’ असा शेरा येऊन मित्राच्या खेळात शिरता येत नाही. स्वतंत्र पत्ता मागून मिळतो, बहुधा जादा आकारणीवर.

वर्षाची रक्कम आगाऊ भरल्यास सूट मिळते, परंतु पहिली योजना महिन्याचीच घ्यावी. आपल्याच विंगमध्ये तीच जोडणी वापरणाऱ्या शेजाऱ्याकडे रविवारी रात्री नऊ ते अकरा या गर्दीच्या वेळेत मोबाइलवर खेळ उघडून पिंग पाहावा. विक्रेत्याच्या तोंडी हमीपेक्षा हे दोन तास अधिक विश्वसनीय. शेवटी, फायबर थेट घरात येते की गच्चीवरील डब्यात संपून तेथून साधी वायर खाली येते, हे केबलवाल्यास विचारावे. कारण वीज गेली असता घरात राउटरला बॅटरी असली तरी त्या डब्यातील स्विच सोसायटीच्या विजेवर चालतो, आणि वीज परत आली तरी तो बंदच राहिला तर डब्याची किल्ली केबलवाल्याच्या माणसाकडे असते.