हवालदाराची लेखणी : गोपाळबाबा वलंगकर

१/ आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्याला मुक्कामास येते, तेव्हा पंढरपूर काही मजलांवर उरलेले असते. तेथे महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ संत चोखामेळ्यांची समाधी आहे. देवळाच्या आत नव्हे, बाहेर. चोखोबांच्या समाजाला ते दार १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. त्याच्या सुमारे साठ वर्षे आधी त्याच समाजातील एका निवृत्त सैनिकाने अशा बंद दारांचा जाब छापील शब्दांत विचारला होता. त्यांचे नाव गोपाळबाबा वलंगकर.

२/ महाडजवळचे रावढळ हे त्यांचे गाव. ते सैन्यात गेले, यात नवल नव्हते. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपायांची परंपरा जुनी होती. १८१८ च्या लढाईची आठवण सांगणाऱ्या कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ प्रत्ययाची २२ नावे कोरलेली आहेत. गावात ज्याची सावलीही टाळली जाई, तो पलटणीत हुद्द्याने ओळखला जाई. छावणीच्या शाळेत अक्षरओळख होई आणि निवृत्तीनंतर पेन्शन मिळे.

३/ १८८६ साली गोपाळबाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले व दापोलीस राहिले. महात्मा फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. ‘अनार्य दोष-परिहारक मंडळी’ स्थापून त्यांनी समाजजागृतीचे काम आरंभले. ‘दीनबंधू’, ‘सुधारक’ यांसारख्या पत्रांतून त्यांचे लेखन प्रसिद्ध होऊ लागले.

४/ १८८८ साली त्यांची ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका निघाली. तिची रीत विलक्षण होती. दयेची याचना न करता त्यांनी धर्माधिकाराचा दावा करणाऱ्यांपुढे प्रश्नांमागून प्रश्न ठेवले. अस्पृश्यता ईश्वराने घडविली की माणसाने, हा त्या साऱ्यांचा गाभा. अस्पृश्य मानलेले लोक या भूमीचे मूळ रहिवासी आहेत, अशी त्यांची मांडणी होती.

५/ याच सुमारास दुसरे दार बंद होऊ लागले. १८५७ नंतर फौजेची पुनर्रचना झाली. पुढे ‘लढाऊ जाती’ ठरविणारा सिद्धान्त प्रबळ होऊन १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबली. हा केवळ नोकरीचा प्रश्न नव्हता. भरतीबरोबर पेन्शन, मुलांची शाळा आणि गावकीच्या बलुत्यातून सुटण्याची वाटही जात होती. म्हणून १८९४ साली गोपाळबाबांनी भरती पुन्हा सुरू व्हावी यासाठी अर्ज तयार केला. आपला समाज पूर्वीचा क्षत्रिय आहे, असा दावा त्यात होता. भरती मात्र उघडली नाही.

६/ १८९५ साली सरकारने त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक केली. वरिष्ठ जातींच्या सभासदांनी त्यांच्यासोबत बसण्यास विरोध केला आणि वृत्तपत्रांत वाद पेटला. पलटणीत हवालदार राहिलेल्या माणसाला तालुक्याच्या सभेत खुर्चीसाठी झगडावे लागले. सरकारी नेमणुकीने पद मिळाले होते, शेजार मिळाला नव्हता. अस्पृश्य समाजाच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न त्या खुर्चीपाशी उघडा पडला.

७/ १९०० साली गोपाळबाबा निवर्तले. त्याच दापोलीत काही काळ निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ राहिले होते. त्यांचे पुत्र म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेही महाडातच. महायुद्धाच्या काळात, १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गोपाळबाबांच्या अर्जाला तोवर जवळजवळ अर्धे शतक लोटले होते.

८/ त्यांच्या आयुष्यात यापैकी काहीच घडले नाही. पुस्तिकेतील प्रश्नांना उत्तर आले नाही, अर्ज फळला नाही, खुर्चीचा मान वादात राहिला. पण पुढच्या पिढीला हे प्रश्न नव्याने शोधावे लागले नाहीत. ते लिहिलेले होते, छापलेले होते आणि त्यांखाली एका हवालदाराचे नाव होते.