घर कोणाचे? रखमाबाई ते २००५ चा कायदा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी सयाजीराव महाराजांच्या आठवणी लिहितात, कोणी जुन्या वाड्यांविषयी लिहितात. यंदा मी कायद्याच्या इतिहासातले एक पान उलगडणार आहे. विषय सणाला साजेसा नाही, असे काहींना वाटेल. पण ही स्मरणिका आजीपासून कॉलेजात जाणाऱ्या नातीपर्यंत सर्वांच्या हाती पडते, आणि विषयही घराचाच आहे.

वडोद्यात मी बरीच वर्षे वकिली करीत आहे. सासरच्या छळाला कंटाळून सल्ल्याला आलेली स्त्री सहसा मारहाणीपासून बोलायला सुरुवात करीत नाही. तिचा पहिला प्रश्न असतो, "ताई, तक्रार केली तर मला घराबाहेर काढतील का हो?" माहेर दूर नाशिककडे नाहीतर सांगलीकडे, भावाचे घर दोन खोल्यांचे, मुलांच्या शाळा इथल्या. मार सोसायचा तो डोक्यावरच्या छपरासाठी. हे घर कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर द्यायला आपल्या कायद्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

सुरुवात एका मराठी बाईपासून करू या. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. लग्नानंतरही त्या आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, तिथेच शिकल्या. पुढे नवऱ्याने नांदायला बोलावले तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अजाण वयात लग्न लागलेल्या आणि कधी नांदायलाच न गेलेल्या बाईला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या हवाली करणे त्यांना न्यायाचे वाटले नाही. असा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, तो इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आला, हेही त्यांनी सांगितले. अपिलात मात्र हा निकाल टिकला नाही. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

या खटल्यात मारहाणीची तक्रार नव्हती. मग घरगुती छळाची कहाणी इथून का सुरू करायची? कारण नांदायला पाठवण्याचा हाच कायदा मार खाणाऱ्या बाईलाही लागू होता. तिने किती सोसावे, याचे माप मुंबई हायकोर्टाने त्याआधीच, १८७६ साली, यमुनाबाई नावाच्या एका स्त्रीच्या खटल्यात ठरवले होते. जिवाला किंवा आरोग्याला धोका पोहोचेल इतकी मारझोड असेल, किंवा तशी रास्त भीती असेल, तरच तिला नवऱ्यापासून दूर राहता येईल. त्याहून कमी छळ झाला तर घरी परत जायचे. ते घर नवऱ्याचे, आणि बाईने तिथे राहणे ही तिची सक्तीची जबाबदारी, असा हिशेब होता.

रखमाबाईंच्या खटल्याने सारा समाज ढवळून निघाला. बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. उलट बाजूही मोठी होती. ज्या लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यांचे मतही या प्रकरणात रखमाबाईंच्या विरोधातच होते. मोठ्या माणसांचे सारेच विचार आपण डोक्यावर घ्यावेत असे नाही, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. परत आल्यावर त्यांनी आपल्या गुजरातेत, आधी सुरतेला आणि पुढे राजकोटला, स्त्रियांच्या दवाखान्यात काही दशके सेवा केली. १९५५ साली त्या वारल्या.

नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली. सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बडोदे संस्थानात बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला होता. १९३१ मध्ये त्यांनी हिंदूंसाठी घटस्फोटाचाही कायदा केला. ब्रिटिश मुलखातल्या हिंदू स्त्रीला तेव्हा हे दार उघडे नव्हते. शेजारच्या मुंबई प्रांतात असा कायदा व्हायला १९४७ साल उजाडले. १९४६ च्या केंद्रीय कायद्याने क्रूर नवऱ्यापासून वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क हिंदू पत्नीला मिळाला. रखमाबाई गेल्या त्याच वर्षी, १९५५ साली, हिंदू विवाह कायदा आला. त्यात आधी क्रूरतेच्या कारणावरून फक्त वेगळे राहण्याची परवानगी मिळे. घटस्फोटासाठी ते कारण १९७६ मध्ये मान्य झाले. नांदवण्याचा दावा याही कायद्याच्या नवव्या कलमात राहिलाच. आंध्र प्रदेश हायकोर्टाने ते कलम १९८३ मध्ये घटनाबाह्य ठरवले, पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध असल्याचा निर्वाळा दिला.

इथवर कायद्याने बाईला घराबाहेर पडण्याची वाट दिली. घरातल्या मारहाणीकडे स्वतंत्र गुन्हा म्हणून पाहिले गेले नाही. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी दिल्ली व इतर शहरांत स्वयंपाकघरात सुना जळून मरण्याच्या बातम्या येऊ लागल्या. १९७९ मध्ये मुलगी गमावलेल्या सत्यराणी चढ्ढा यांच्यासारख्या आया रस्त्यावर उतरल्या. त्या चळवळीमुळे १९८३ मध्ये भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आले. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम आले. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. त्यात हे विषय कलम ८५, ८६ आणि ८० मध्ये आहेत.

तरीही त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर नव्हते. नवऱ्याला अटक झाली की सासरचे दार बंद होई. पुष्कळ स्त्रियांना नवरा तुरुंगात नको असतो, मार थांबायला हवा असतो. ही गरज ओळखून २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. शारीरिक मारहाणीबरोबर लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ व मानसिक छळ, आणि पैसे अडवणे, स्त्रीधन दाबून ठेवणे, याही गोष्टी त्यात हिंसा म्हणून धरल्या आहेत. कलम १७ सांगते की, ज्या घरात ती संसार करीत आली तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. १८८७ मध्ये कोर्ट बाईला नवऱ्याच्या घरात ढकलत होते. आता ते तिला घरातून कोणी ढकलू नये म्हणून आडवे उभे राहते.

यालाही वळण लागलेच. कायदा लागू होऊन दोन महिने होतात न होतात तोच सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात म्हटले की, घर सासूच्या मालकीचे असेल तर सुनेला तिथे राहण्याचा हक्क नाही. आपल्याकडे घर बहुधा सासू-सासऱ्यांच्याच नावावर असते, तेव्हा कितीतरी सुनांच्या बाबतीत हे कलम कागदावर राहिले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला. हा हक्क मालकीचा नव्हे, राहण्याचा आहे. वृद्ध सासू-सासऱ्यांचीही बाजू कोर्ट पाहते, आणि गरज पडल्यास सुनेसाठी दुसऱ्या घराची किंवा भाड्याची सोय करायला सांगू शकते. पण तिला परस्पर रस्त्यावर काढता येत नाही.

हा कायदा केवळ सुनांचा नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. मुलाकडून छळ सोसणारी आई, भावाने हुसकावलेली बहीण, लग्नाशिवाय एकत्र राहणारी स्त्री यांनाही तो लागू आहे. २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर छळणारी व्यक्ती स्त्री असली तरी तिच्याविरुद्ध अर्ज करता येतो.

अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. तो स्वतः करता येतो, किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त जातो, म्हणून अर्जासोबतच तात्पुरता आदेश मागून घ्यावा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्यासारख्या घरापासून दूर आलेल्यांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की, स्त्री तात्पुरती जिथे राहते तिथेही अर्ज करता येतो. वडोद्याचे सासर सोडून नाशिकला माहेरी गेलेली मुलगी नाशिकच्या कोर्टात अर्ज करू शकते. क्रूरतेची फौजदारी तक्रारही माहेरच्या गावी देता येते, असे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितले आहे. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाचीही मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के निघाल्या. म्हणजे आपल्या सोसायटीतही भिंतीपलीकडचे रडणे कोणीतरी ऐकत असणारच. "त्यांच्या घरचा मामला, आपण कशाला पडा?" असे म्हणून आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अशी माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना देऊ शकतो, आणि ती सद्हेतूने देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

गुजरातेत महिलांसाठी 'अभयम' ची हेल्पलाइन १८१ आहे, तातडीच्या वेळी ११२ आहे. दोन्ही क्रमांक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावेत. घरकामाला येणाऱ्या बाईलाही ते आठवणीने सांगावेत.